जीलिबसीची डिरेक्टरी वाचणारी फंक्शने : बडोद्यातील एका घरगुती दप्तरावर सहा महिने वापरून लिहिलेले परीक्षण

सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्याला एखाद्या फोल्डरात, म्हणजेच डिरेक्टरीत, कोणकोणत्या फाइली आहेत हे जाणून घ्यायचे असेल, तर सी भाषेचे स्वतःचे मानक त्याला काहीच देत नाही. फाइल उघडता येते, तिचे नाव बदलता येते, ती पुसता येते. पण फोल्डरात काय आहे हे विचारण्याची सोय सी२३ पर्यंतच्या कोणत्याही आवृत्तीत नाही. ती सोय युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पोझिक्स या मानकाने दिली आणि लिनक्सवर ती आपल्याला बहुधा जीलिबसी या लायब्ररीतून मिळते: ओपनडिर, रीडडिर आणि क्लोजडिर ही मुख्य तीन फंक्शने, आणि त्यांच्या भोवती स्कॅनडिर, एनएफटीडब्ल्यू, एफटीएस अशी काही जोडफंक्शने. लायब्ररी विनामूल्य आहे, मूळ कोडासकट मिळते आणि बहुतेक लिनक्स वितरणांत आधीपासूनच बसवलेली असते, त्यामुळे किमतीचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो विश्वासाचा, कारण फाइलींची यादी अपुरी राहिली तर ती अपुरी आहे हे नुसत्या यादीकडे पाहून कळत नाही. गेले सहा महिने मी ही फंक्शने एकाच कामासाठी सतत वापरली. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

काम असे होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्यात शिरले, तेव्हा नदीच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या मामांच्या घरी कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात गेले. त्या कप्प्यांत आजोबांना आलेली पत्रे, दांडिया बाजारातील जुन्या घराच्या जमाखर्चाच्या वह्या आणि तीन पिढ्यांनी जपलेले मराठी मासिकांचे अंक होते. जे कागद सुकवून वाचले ते, आणि त्यांच्याबरोबर वरच्या कप्प्यांतलेही सगळे, स्कॅन करून ठेवायचे घरात ठरले. मामा, मामी आणि मामेबहीण यांनी मिळून हे काम केले, आणि प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर फोल्डरांना व फाइलींना मराठीतच नावे दिली. आता एकूण सुमारे ३८ हजार प्रतिमा तीन डिस्कांवर आहेत. त्या सगळ्यांची एक सूची करणे, म्हणजे नाव, आकार, तारीख लिहून ठेवणे आणि एकच पान दोनदा स्कॅन झाले असेल तर ते दाखवणे, एवढा प्रोग्राम माझ्याकडे आला.

या फंक्शनांची पहिली जमेची बाजू म्हणजे त्यांचा आटोपशीरपणा. ओपनडिरला फोल्डराचा मार्ग दिला की ते एक पॉइंटर, म्हणजे उघड्या फोल्डराकडे बोट दाखवणारी खूण, देते. तो रीडडिरला दिला की प्रत्येक वेळी एक नोंद हाती येते. नोंदी संपल्या की रीडडिर नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, परत करते. मग क्लोजडिर म्हणायचे. नोंदीत महत्त्वाच्या गोष्टी दोनच असतात, फाइलीचे नाव आणि तिच्या आयनोडचा, म्हणजे डिस्कवर फाइलीची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा, क्रमांक. आकार, तारीख, मालकी यांपैकी काहीही तिथे नसते. नवशिक्या माणसाला हे अपुरे वाटते, पण ज्याने मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एकदा तरी कार्डांचे खण उघडून पाहिले असतील त्याला ही रचना लगेच उमगेल. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून बडोद्याच्या ग्रंथालयांची जी घडी बसवली, तिच्यासारख्या कोणत्याही व्यवस्थेत कार्डावर पुस्तकाचे नाव आणि ते कुठे आहे याची खूण असते. पुस्तकाची जाडी आणि पानांची अवस्था पाहायला कपाटापर्यंत जावेच लागते. डिरेक्टरी म्हणजे तो कार्डांचा खण, आयनोड म्हणजे कपाटातली जागा. एकाच पुस्तकाची दोन कार्डे असू शकतात, तशी एका आयनोडला दोन नावे असू शकतात, आणि मामांच्या डिस्कवर अशी काही जोडनावे खरोखरच निघाली. आयनोडचा क्रमांक नोंदीतच असल्यामुळे ती ओळखायला एकही फाइल उघडावी लागली नाही.

हे तीन फंक्शनांचे साधे रूप कष्टाने आलेले आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरी ही एक साधी फाइलच होती आणि प्रोग्राम ती थेट वाचत असत: प्रत्येक नोंद १६ बाइटांची, त्यांतले २ बाइट आयनोड क्रमांकाचे आणि १४ नावाचे. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या शाखेने नावाची मर्यादा २५५ वर नेली, नोंदींची लांबी कमीजास्त झाली, आणि प्रत्येक प्रोग्रामाला तो तपशील हाताळावा लागू नये म्हणून ओपनडिर आणि रीडडिर आले. १९८८ च्या पोझिक्सने त्यांना मानकात घेतले. हा इतिहास मी सांगतो तो एका कारणासाठी. आज युनिकोड अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइट घेते. 'बडोदे' या शब्दात ब, ड, ओकाराची खूण, द आणि एकाराची खूण अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट. १४ बाइटांच्या त्या जुन्या खणात आपल्या शहराचे नावसुद्धा मावले नसते.

आता दोषांकडे येतो, आणि सर्वांत गंभीर दोष आधी सांगतो. रीडडिर नोंदी संपल्यावर नल देते, आणि वाचताना बिघाड झाला तरीही नलच देते. दोन्हींतला फरक फक्त शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या एर्नो या चलातून कळतो, तोही तुम्ही रीडडिरला हाक मारण्यापूर्वी एर्नो स्वतः शून्य केले असेल तरच. माझ्या पहिल्या प्रोग्रामात मी 'नल आला की थांब' एवढेच लिहिले होते. तीन डिस्कांपैकी एका जुन्या डिस्कची केबल सैल होती. प्रोग्राम चालला, कोणतीही तक्रार न करता संपला, त्याने सूची दिली आणि मी ती छापून मामांकडे नेली. मामांनी ती चष्मा लावून पानापानाने पाहिली आणि म्हणाले, "अरे, १९३१ ची जमाखर्चाची वही यात निम्मीच दिसते. मार्चनंतर काहीच नाही." वही डिस्कवर पूर्ण होती. त्या फोल्डराच्या मध्यावर डिस्कचा संपर्क तुटला होता, लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, इनपुट-आउटपुटची चूक कळवली होती, आणि माझ्या प्रोग्रामाने ती चूक म्हणजे फोल्डराचा शेवट समजून पुढचा रस्ता धरला होता. मामांना ती वही तोंडपाठ नसती, तर मार्चनंतरची पाने सूचीतून कायमची गळाली असती आणि कोणालाही पत्ता लागला नसता.

यावर उपाय एका ओळीचा आहे: प्रत्येक फेरीत, रीडडिरच्या अगदी आधी, एर्नो शून्य करायचे आणि नल आल्यावर ते पुन्हा तपासायचे. फेऱ्या सुरू होण्याआधी एकदाच शून्य करून भागत नाही, कारण मध्ये तुम्ही ज्या इतर फंक्शनांना हाक मारता ती एर्नो बदलू शकतात. उपाय सोपा असला तरी रचनेचा दोष दोषच राहतो. शेवट आणि अपघात या दोन गोष्टींना एकच उत्तर देणारे फंक्शन वापरणाऱ्याला चुकीच्या मार्गावर ढकलते, आणि शिकवणीच्या वह्यांत जे नमुने उतरवून घेतले जातात त्यांत ही तपासणी क्वचितच असते. नव्या वापरकर्त्याने या परीक्षणातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर त्याने एर्नो शून्य करून तपासण्याचे हे वाक्य ठेवावे.

दुसरी नेहमीची चूक थोडक्यात सांगतो. नोंदीतले नाव हे नुसते नाव असते, पूर्ण मार्ग नसतो. ते तसेच्या तसे स्टॅट या फाइलीचा आकार, तारीख सांगणाऱ्या फंक्शनाला दिले तर स्टॅट ती फाइल तुमच्या चालू फोल्डरात शोधते आणि 'अशी फाइल नाही' असे सांगते. चालू फोल्डरात योगायोगाने त्याच नावाची दुसरी फाइल असेल तर त्याहून वाईट, कारण मग चुकीचाच आकार मिळतो. मार्ग आणि नाव जोडून लांब शब्दमाला तयार करण्यापेक्षा डिरएफडीने उघड्या डिरेक्टरीचा क्रमांक घ्यावा आणि एफस्टॅटॅट या स्टॅटच्या जोडफंक्शनाला तो क्रमांक व नाव द्यावे. खालच्या फोल्डरात उतरताना ओपनॅट आणि एफडीओपनडिर वापरावे. ही फंक्शने २००८ च्या पोझिक्सपासून मानकात आहेत. त्यांचा आणखी एक फायदा असा की, प्रोग्राम चालू असताना कोणी वरच्या फोल्डराचे नाव बदलले तरी उघडलेला फोल्डर हातातून सुटत नाही, आणि आमच्या घरी फोल्डरांची नावे सारखी बदलत होती.

मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा भाग नावांचा आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती, नावाला बाइटांची माळ मानतात. त्यात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालते, आणि रीडडिर ती माळ जशीच्या तशी आपल्या हातात देते. मराठी असो, मोडी असो, काहीही असो, एक बाइट इकडचा तिकडे होत नाही. मला ही प्रामाणिकता फार मोलाची वाटते. पण तिची दुसरी बाजू मला 'कऱ्हाड' या एका शब्दाने शिकवली.

आजोबांची बहीण कऱ्हाडला दिली होती. तिची पत्रे बरीच आहेत. सूचीत 'कऱ्हाडची पत्रे' या नावाचे तीन फोल्डर निघाले. पडद्यावर तिन्ही नावे अक्षरशः सारखी दिसत होती, आणि सीमधले तुलनेचे फंक्शन तिन्ही वेगळी असल्याचे सांगत होते. मी प्रत्येक नाव बाइटाबाइटाने छापून पाहिले तेव्हा उलगडा झाला. आपला अर्धा ऱ युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला जातो. पहिल्या प्रकारात ऱ हे स्वतंत्र चिन्ह असते आणि त्यापुढे हलंत. मग 'कऱ्हाड' सहा चिन्हांचा, १८ बाइटांचा होतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, त्याखाली नुक्ता (खालचे टिंब) आणि मग हलंत. चिन्हे सात, बाइट २१. तिसऱ्या प्रकारात साधा र, हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पुन्हा २१ बाइट, पण वेगळे २१. मामांच्या कीबोर्डातून पहिला प्रकार आला होता, मामींच्या फोनमधून तिसरा. दुसरा आला होता मामेबहिणीच्या जुन्या मॅकवरून, कारण मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलसिस्टिम नावे साठवतानाच ऱ सुटा करून र आणि नुक्ता अशी ठेवते.

युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणरूपात नाव आणले की पहिला आणि दुसरा प्रकार एकरूप होतात. तिसरा होत नाही. अदृश्य जोडचिन्ह प्रमाणीकरणात तसेच राहते, त्यामुळे 'र, हलंत, जोडचिन्ह' ही त्रयी दिसली की तिच्या जागी ऱ आणि हलंत घालण्याचा नियम मला स्वतः लिहावा लागला. हे सगळे फक्त सूचीतल्या तुलनेसाठी करायचे. फाइल उघडताना मूळ बाइटच द्यायचे, नाहीतर कर्नल ती फाइल नाही असे सांगणार. म्हणून माझ्या प्रोग्रामात प्रत्येक नावाची दोन रूपे असतात, डिस्कवरचे आणि जुळवणीचे. जीलिबसी यात मदत करत नाही, आणि तिने ती करावी असेही मला वाटत नाही, कारण ज्या क्षणी वाचणारे फंक्शन नावे 'सुधारू' लागेल त्या क्षणी डिस्कवर खरोखर काय आहे हे कळण्याचा मार्ग बंद होईल. दौऱ्याची टिपणे, गोऱ्ह्यांची पत्रे, वऱ्हाडची छायाचित्रे असे फोल्डर ज्यांच्याकडे आहेत त्या प्रत्येक मराठी माणसाला मात्र ही अडचण आज ना उद्या येणारच.

नावाच्या लांबीचाही असाच एक धडा आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हे, आणि त्यांत काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळे मोजले जाते. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची आहे, म्हणजे देवनागरीची पूर्ण २५५ चिन्हे. मामांना पत्राचा सारांशच फाइलीच्या नावात लिहिण्याची सवय होती: कोणी, कोणाला, कुठून, कशाबद्दल. विंडोजवर ती नावे निर्धास्त बसली. लिनक्सवर नक्कल करायला गेलो की 'नाव फार लांब' म्हणून नक्कल थांबे. इथवर ठीक होते, कारण निदान चूक समोर दिसत होती. पण एका रविवारी मी नक्कल न करता मामांचा विंडोज लॅपटॉप घरच्या नेटवर्कवरून जोडला आणि प्रोग्राम थेट त्यावर चालवला, तेव्हा तो 'स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड' असा संदेश देऊन कोसळला. हेडर फाइलीत नावाचा रकाना २५६ बाइटांचा घोषित केलेला दिसतो, म्हणून मीही २५६ बाइटांचा ॲरे घेऊन त्यात नाव उतरवत होतो. प्रत्यक्षात नेटवर्कवरच्या विंडोज फोल्डरातून येणारे नाव त्याहून लांब असू शकते. रीडडिर ते पूर्ण आणि बरोबर देते, आणि नोंदीची खरी लांबी वेगळ्या रकान्यात सांगते. मॅन्युअलच्या पानावर हा इशारा स्पष्ट लिहिलेला आहे. मी तो वाचला नव्हता. नावाची लांबी नेहमी मोजून घ्यावी आणि तेवढीच जागा मागून घ्यावी. नक्कल तर करावीच, कारण रीडडिरने दिलेली नोंद पुढच्या हाकेला पुसली जाऊ शकते.

नोंदींच्या क्रमाबद्दल नव्या माणसाची हमखास निराशा होते. रीडडिर कोणताही क्रम पाळण्याचे वचन देत नाही. ईएक्सटी४ मध्ये मोठ्या डिरेक्टरीतील नोंदी नावावरून काढलेल्या एका आकड्याच्या (हॅशच्या) क्रमाने येतात, म्हणून पान ७ च्या मागे पान ११२ आणि त्यामागे पान ३ असे काहीही दिसते. स्कॅनडिर हे फंक्शन सगळ्या नोंदी एकदम आणून, गाळून, क्रमाने लावून देते, आणि लहान फोल्डरांसाठी ते मला फार आवडले. त्याच्याबरोबर येणारे अल्फासॉर्ट चालू लोकेलप्रमाणे, म्हणजे यंत्रावर ठरवलेल्या भाषेच्या नियमांप्रमाणे, तुलना करते, पण त्यासाठी प्रोग्रामाच्या सुरुवातीला सेटलोकेलला हाक मारावी लागते. ती मारली नाही तर तुलना नुसत्या बाइटांची होते. बाइटांच्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये जाऊन बसतो आणि क्ष हा क च्या घरात. आमच्या बाराखडीवर वाढलेल्या मामांना ळ हा ह च्या नंतर हवा होता आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी, आणि त्यांचे म्हणणे बरोबरच आहे.

अंकांची गोष्टही तशीच. व्हर्जनसॉर्ट नावाचे जीएनूचे जोडफंक्शन 'पान' या शब्दापुढच्या इंग्रजी अंकांतील २ ला १० च्या आधी आणते, पण देवनागरी अंक त्याच्या लेखी केवळ अक्षरे आहेत, त्यामुळे 'पान १०' हे 'पान २' च्या आधी येते. स्कॅनडिरला स्वतःचे तुलनेचे फंक्शन देता येते ही त्याची मोठी सोय. मी असे एक लिहिले, ज्यात दोन्ही लिपींतले अंक संख्या म्हणून वाचले जातात आणि ळ, क्ष, ज्ञ आपापल्या जागी बसतात. साठ-सत्तर ओळींचे काम होते, आणि या सहा महिन्यांत सर्वांत समाधान मला त्याच ओळींनी दिले.

नोंदीत फाइलीचा प्रकार सांगणारा डी-टाइप नावाचा एक रकाना लिनक्सवर मिळतो आणि तो फार वेळ वाचवतो, पण तो सगळ्या फाइलसिस्टिम भरतातच असे नाही. एक्सएफएस या फाइलसिस्टिमने जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर तो प्रत्येक नोंदीला 'माहीत नाही' असे उत्तर देतो, आणि मग स्टॅटसारख्याच एलस्टॅटने विचारणे भाग असते. माझ्या प्रोग्रामाने अशा डिस्कवर शून्य फाइली मोजल्या होत्या. एक टिंब आणि दोन टिंबे या नावांच्या नोंदीही यादीत येतात. त्या वगळल्या नाहीत तर खाली उतरणारा प्रोग्राम त्याच फोल्डरात फिरत राहतो. प्रत्येक ओपनडिरला क्लोजडिर हवेच, कारण एका प्रोसेसला उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा बहुधा १०२४ असते आणि आमच्या संग्रहात फोल्डर त्याहून अधिक आहेत.

वेगाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. रीडडिर प्रत्येक नोंदीसाठी कर्नलकडे धाव घेत नाही. जीलिबसी गेटडेंट्स६४ या सिस्टिम कॉलने साधारणपणे ३२,७६८ बाइटांची थप्पी एकदम आणते आणि त्यातून एकेक नोंद काढून देते. 'बडोदे' या नावाच्या जेपीजी फाइलीची नोंद किती जागा घेते ते पाहा: नावाचे १५ बाइट, टिंब आणि विस्तार मिळून ४, शेवटचा शून्य बाइट १, आणि नोंदीच्या सुरुवातीचे १९, बेरीज ३९, ती आठाच्या पटीत आणल्यावर ४०. म्हणजे अशा नावांच्या ८१९ नोंदी एका खेपेत येतात. वेळ जातो तो प्रत्येक फाइलीला एफस्टॅटॅटने विचारण्यात, आणि फिरत्या डिस्कवर तो कमी करायचा एक चांगला मार्ग आहे: आधी सगळ्या नोंदी गोळा कराव्यात, आयनोड क्रमांकाने लावाव्यात, आणि मग त्या क्रमाने विचारावे, म्हणजे डिस्कचे डोके मागेपुढे पळत नाही. एकाच प्रोग्रामात अनेक कामे एकाच वेळी चालवणारे थ्रेड वापरणाऱ्यांना जुन्या पुस्तकांत रीडडिर-आर हे फंक्शन सुचवलेले आढळेल. ते घेऊ नये. जीलिबसीने २०१६ च्या २.२४ आवृत्तीपासून ते बाद ठरवले आहे, आणि प्रत्येक थ्रेडने आपली वेगळी डिरेक्टरी उघडली तर साधे रीडडिर पुरते.

जोडफंक्शनांपैकी एनएफटीडब्ल्यू हे पूर्ण झाड फिरून प्रत्येक फाइलीसाठी तुमच्या फंक्शनाला हाक मारते. एका संध्याकाळी कामापुरते काही लिहायचे असेल तर ते चांगले आहे, पण तुमच्या फंक्शनाकडे स्वतःची माहिती पोचवायला त्यात जागाच ठेवलेली नाही, त्यामुळे सगळे ग्लोबल चलांत ठेवावे लागते आणि प्रोग्राम वाढला की ते जाचते. सिम्बॉलिक लिंकांच्या (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदींच्या) मागे जायचे नसेल तर एफटीडब्ल्यू-फिज हा पर्याय न विसरता द्यावा. बीएसडीकडून आलेले एफटीएस अधिक सुबक आहे, पुढची नोंद तुम्ही मागाल तेव्हा देते; पण ते पोझिक्समध्ये नाही आणि मसल या जीलिबसीऐवजी वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत मिळत नाही, म्हणून प्रोग्राम इतरत्र न्यायचा असेल तर पंचाईत होते. काही मित्रांनी सुचवले की पीओपन या फंक्शनाने एलएस ही फाइलींची यादी देणारी आज्ञा चालवून तिचे उत्तर वाचावे. लिनक्सवर फाइलीच्या नावात नवी ओळसुद्धा असू शकते, आणि अशा एका नावाने ती यादी पुढे भलतीकडे जाते. हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

मामांच्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालावा म्हणून मी तो मिनजीडब्ल्यू या विंडोजसाठीच्या कंपायलर-संचाने बांधला. त्यात ओपनडिर आणि रीडडिर मिळतात, बांधणीत काही अडचण येत नाही, आणि चालवल्यावर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसतात. विंडोजच्या ज्या कोडपेजमध्ये, म्हणजे जुन्या अक्षरसंचात, देवनागरी नाही त्यात नाव बसवताना प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते, आणि त्या नावाने फाइल पुन्हा उघडताही येत नाही. विंडोजवर मराठी नावे हवीत तर विंडोजची स्वतःची फाइंडफर्स्टफाइल आणि फाइंडनेक्स्टफाइल ही फंक्शने त्यांच्या डब्ल्यू रूपात, म्हणजे युनिकोड नावे घेणाऱ्या रूपात, वापरावीत. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रामाच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे त्याच्यासोबतच्या माहितीच्या फाइलीत, यूटीएफ-८ मागता येते, पण डब्ल्यू रूप जुन्या यंत्रांवरही चालते, आणि मामांचा लॅपटॉप जुनाच आहे. एका बाबतीत विंडोजची रचना मला सरस वाटली: नावाबरोबर आकार आणि तारखा त्याच नोंदीत येतात, त्यासाठी वेगळे विचारावे लागत नाही. शेवटी मी वाचण्याचा भाग दोन फाइलींत दोनदा लिहिला आणि बाकीचा प्रोग्राम एकच ठेवला.

एक मर्यादा मात्र कोणत्याही कौशल्याने दूर होत नाही. डिरेक्टरी उघडून वाचत असताना तिच्यात नवी फाइल आली किंवा जुनी गेली, तर ती यादीत दिसेल की नाही याबद्दल पोझिक्स काहीच सांगत नाही. दोन्ही उत्तरे मानकाला मान्य आहेत. आमच्याकडे अजून मासिकांचे दोन गठ्ठे स्कॅन व्हायचे आहेत आणि मामा रोज सकाळी थोडे थोडे काम करतात. म्हणून आम्ही वेळ ठरवून घेतली आहे. दुपारी जेवणाच्या आधी मामा स्कॅनर बंद करतात आणि मला फोन करतात, "झालं रे, आता तुझं चालव." मग मी प्रोग्राम चालवतो, आणि तो संपल्याचे कळवल्याशिवाय त्या डिस्कला घरात कोणी हात लावत नाही.